तंटा मिटला की तोंड मिटलं?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आणि तेसुद्धा भांडणं मिटवणाऱ्यांशी!

हल्ली जिकडे तिकडे एक सूर ऐकू येतो. कोर्टकचेऱ्या कशाला, गावातलं गावात मिटवा, सोसायटीतलं सोसायटीत मिटवा आणि घरातलं तर उंबऱ्याबाहेर जाऊच देऊ नका. चार शहाणी माणसं बसली की काय सुटत नाही? ऐकायला किती छान वाटतं! मलाही वाटतं. मध्यस्थी ही चांगलीच गोष्ट आहे आणि लेखाच्या शेवटी मी तिचीच बाजू घेणार आहे. पण आपल्याकडे मध्यस्थी या नावाखाली जे चालतं, त्यातलं पुष्कळसं मध्यस्थी नसतंच. ते असतं गप्प बसवणं. ज्याचा आवाज आधीच बारीक, त्याला आणखी बारीक आवाजात बोलायला लावायचं, आणि मग सगळ्यांनी चहा पिऊन म्हणायचं, "चला, समजूत पटली!"

शाळेत म्हणी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा हक्काच्या मार्कांचा प्रश्न. त्यातल्या तीन म्हणी अशा बैठकींत हमखास कानावर पडतात. मुलं त्यांचा वाक्यात उपयोग बरोबर करायची. मोठी माणसं कसा करतात, ते आज जरा तपासू या.

पहिली म्हण: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.

ही म्हण खोटी आहे असं मी म्हणणार नाही. देशातल्या सगळ्या कोर्टांत मिळून पाच कोटींहून जास्त खटले पडून आहेत. आजोबांनी लावलेल्या दाव्याच्या तारखेला नातू जातो. वकिलाची फी, एस.टी.चं भाडं, बुडालेली मजुरी, आणि शेवटी हातात काय तर पुढची तारीख. हे सगळं खरं.

पण ही म्हण कोण कोणाला ऐकवतं, तिकडे कधी लक्ष दिलंय? ज्याच्या ताब्यात वस्तू आहे तो, ज्याच्या हातून ती गेली आहे त्याला ऐकवतो. बांधाचंच उदाहरण घ्या. शेजारी दर नांगरणीला वीतभर बांध कोरतो. दहा-बारा वर्षांत चांगला पट्टाच्या पट्टा तिकडे जातो. मग हा म्हणतो, सरकारी मोजणी आणू या. की लगेच चार प्रतिष्ठित मंडळी जमतात. "मोजणी कशाला? भूमी अभिलेखवाले येणार, पैसे भरावे लागणार, वैर वाढणार. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये! त्यापेक्षा निम्मं तू सोड, निम्मं तो सोडेल." झालं. ज्याने दुसऱ्याची जमीन घेतली त्याने निम्मी परत दिली म्हणून तो दिलदार. आणि ज्याची गेली, त्याने निम्म्यावर पाणी सोडलं नाही तर तो हेकट! याला तडजोड म्हणतात का? माझ्या वर्गात एखाद्याने दुसऱ्याच्या डब्यातले दोन लाडू उचलले असते आणि मी त्याला एकच परत द्यायला सांगितलं असतं, तर पालकांनी मला शाळेत राहू दिलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच, की कोर्टाची वाट उघडी असते तेव्हाच मध्यस्थीला अर्थ असतो. "पटलं नाही तर मी पुढे जाईन" असं ज्याला म्हणता येतं, तो बरोबरीने बसून बोलतो. ज्याला तसं म्हणता येत नाही, तो बोलत नसतो, विनवणी करत असतो. म्हणून मध्यस्थाने सुरुवातीलाच सांगायला हवं, "तुम्हाला पुढे जायचा हक्क आहे, इथे बसल्याने तो जात नाही." आपल्याकडे नेमकं उलटं सांगतात.

आणि पुढे जायला पैसे नाहीत म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या बाराव्या कलमाप्रमाणे महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्न किती आहे हे त्यांच्या बाबतीत बघत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. फोन करायचा तर १५१०० हा क्रमांक आहे. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

दुसरी म्हण: पाचामुखी परमेश्वर.

पाच जण म्हणतील ते खरं. पण ते पाच कोण?

आपल्याकडे पंचायतीची परंपरा मोठी आहे यात शंका नाही. मराठेशाहीत वतनाचे वाद गोतसभेपुढे चालत. पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार सगळे जमत आणि निवाड्याचा महजर होई. पंचायतीपुढे वाद नेताना दोन्ही पक्षांकडून आधी एक कागद लिहून घेत. त्याचं नाव राजीनामा! आज राजीनामा म्हणजे पद सोडल्याचं पत्र, पण मुळात तो राजी असल्याचा कागद. आम्ही या पंचांपुढे राजीखुशीने आलो आहोत, ते सांगतील ते मानू, असा. म्हणजे त्या काळीसुद्धा आधी संमती आणि मग निवाडा, हा क्रम होता. आपण संमती कधी गाळून टाकली कोण जाणे.

पण परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी तिचे दोषही वाचावेत. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात पंचायतीविषयी त्याने सविस्तर लिहिलं आहे. काम रेंगाळतं, निकाल अमलात आणायला जोर नसतो, पंचांवर वजन पडतं. हे सगळं दिसूनही लोकांचा विश्वास आहे म्हणून ती टिकवावी असं त्याचं मत पडलं. पुढे १९३२ साली मुंबईच्या विधिमंडळात ग्रामपंचायतींना न्यायदानाचे अधिकार द्यायचा विषय निघाला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला कडाडून विरोध केला. जातीपातीत अडकलेल्या गावात दुबळ्याला न्याय कोण देणार, हा त्यांचा सवाल होता. १९४८ मध्ये संविधानसभेतही खेड्यांच्या भाबड्या कौतुकावर ते असेच तुटून पडले. हा सवाल जुना झाला असं ज्यांना वाटतं, त्यांनी जातपंचायतींकडे बघावं. वाळीत टाकणं, दंड घेणं, लग्नं मोडणं, आणि तेही पाचामुखी! २०१३ साली अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडली, त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आपल्या विधिमंडळाने २०१६ साली केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. एकविसाव्या शतकात महाराष्ट्राला असा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

कुणी म्हणेल, जातपंचायत वेगळी आणि आपली सोसायटीची बैठक वेगळी. वेगळी आहे, कबूल. पण एक खूण दोन्हीकडे सारखीच दिसते. निवाडा करायला बसलेली माणसं आणि त्या निवाड्याचा फायदा होणारी माणसं एकाच पंगतीला जेवतात! पंच कोण, तर सरपंचाचा चुलतभाऊ, दूध संघाचा संचालक, सोसायटीचा तहहयात सेक्रेटरी. बाई असली तर सहीपुरती. ती बोलायला लागली की "ताई, आधी चहाचं बघा". आणि ज्या वस्तीतला माणूस तक्रार घेऊन आलाय, त्या वस्तीतलं कुणीच नाही.

तिसरी म्हण: एका हाताने टाळी वाजत नाही.

या म्हणीचा मला सगळ्यात राग येतो. टाळी दोन हातांनी वाजते हे खरं, पण थप्पड एका हाताने वाजते! आवाज साधारण सारखाच येतो, म्हणून दोन्हींत फरक नाही असं कसं?

नवरा मारतो म्हणून बाई माहेरी येते. मग दोन्हीकडची मोठी माणसं बसतात. "तोही जरा तापट आहे, पण हिनेही उलट बोलू नये. एका हाताने टाळी वाजत नाही." मग दोघांनाही समज देतात. त्याला मारण्याबद्दल आणि हिला बोलण्याबद्दल! आणि संध्याकाळच्या गाडीने तिला परत पाठवतात. बैठक यशस्वी.

कायदा काय म्हणतो बघा. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत समुपदेशन कसं करायचं ते दिलं आहे. समुपदेशनाच्या वेळी मारणाऱ्याला मारण्याचं समर्थन करू द्यायचं नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. 'ती अशी वागली म्हणून मी तसं केलं' हे बोलणं तिथे चालत नाही. नियम करणाऱ्यांना ही टाळीची म्हण चांगलीच ठाऊक असणार! मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने पोलिसांच्या आवारात महिलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली माणसं पोलिसांच्याच इमारतीत बसली, म्हणजे बाईच्या पाठीशी बोलणारं कुणीतरी आलं आणि कायद्याची खुर्चीही शेजारीच राहिली. मार खाणाऱ्याच्या बाजूने आधी उभं राहायचं आणि मग बोलायचं, हा क्रम आपल्या घरगुती बैठकींना कधी जमणार?

आता थोडं आपल्या घरात बघू या, कारण हे वाचणारे निम्मे माझे नातेवाईकच आहेत! वडील गेल्यावर जमिनीची, घराची वाटणी निघते. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या वेळी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो मुलींना मिळाला. वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच येतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. कायद्याची इतकी वर्षं झाली. आणि आपल्याकडे काय होतं? मामा, आत्याचे यजमान वगैरे वडीलधारी बसतात आणि बहिणीला सांगतात, "माहेर तुटायला नको. भावाशी वाईटपणा कशाला? हक्कसोडपत्रावर सही करून टाक, साडीचोळी आहेच." दिवाळीची एक साडी आणि माहेरपणाचे चार दिवस, यांच्या बदल्यात काही लाखांची मिळकत!

बहिणीने आपण होऊन हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. त्याला माझी ना नाही. पण मग तिला एकटीला बसवून विचारा. तिचा हिस्सा किती, आजच्या बाजारभावाने त्याचे किती होतात, हे आधी कागदावर लिहून तिच्या हातात द्या. विचार करायला महिनाभर वेळ द्या. त्यानंतरही ती नको म्हणाली तर खुशाल सही घ्या. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसाबाहेर रिक्षात बसवून जे होतं, त्याला मध्यस्थी म्हणू नका. आणि कोणीतरी मला सांगा, माहेर तुटू नये ही काळजी नेहमी बहिणीनेच का करायची? भावाचीही बहीण तुटतेच की!

आता तंटामुक्तीबद्दल. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. कै. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. माणूस तळमळीचा, हेतू चांगला. पोलिस ठाण्यापर्यंत जाण्याआधी किरकोळ तंटे गावानेच मिटवावेत, त्यासाठी ग्रामसभेने समिती नेमावी, दिवाणी, महसुली, फौजदारी अशा तंट्यांची नोंद ठेवावी. बरेच जुने वाद खरंच मिटले. घरच्यांचा विरोध असलेल्या किती तरी मुलामुलींची लग्नं या समित्यांनी पुढे होऊन लावून दिली, त्याच्या बातम्या आपण वाचतोच. हे श्रेय नाकारणार नाही.

माझा आक्षेप बक्षिसावर आहे. गाव तंटामुक्त झालं की लोकसंख्येप्रमाणे लाखांनी बक्षीस! आता विचार करा. गावाला बक्षीस मिळणार, त्यातून गावाची कामं होणार, आणि अशा वेळी एक बाई किंवा एक शेतमजूर तक्रार घेऊन उभा राहतो. तो कोणाचा शत्रू ठरतो? ज्याने अन्याय केला त्याचा नाही, सबंध गावाचा! "तुझ्या एकट्यामुळे आपलं बक्षीस जाईल." इथे तंटा मिटवण्यापेक्षा तक्रार मिटवणं स्वस्त पडतं. शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा तर दोन वाटा असतात, मुलांना शिकवा, नाहीतर कच्च्या मुलांचे फॉर्मच भरू नका. दुसरी वाट कशी पकडतात ते शिक्षकांना सांगायला नको. गावांनीही तीच पकडली तर नवल काय? आणि गंमत अशी, की तंटामुक्ती अध्यक्षाच्या निवडीवरूनच ग्रामसभेत खुर्च्या उडाल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात!

तंटा हा काही रोग नाही. माणसं एकत्र राहिली की तंटे होणारच. ज्या गावात तंटाच नाही, तिथे एक तर माणसं नाहीत किंवा कुणाला बोलायची सोय नाही. मला तंटामुक्त गाव नको. तंटा उघडपणे मांडता येईल, असं गाव हवं.

आता नवा कायदा. मध्यस्थी कायदा, २०२३ याला १४ सप्टेंबर २०२३ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्यात सामुदायिक मध्यस्थी असं एक स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तीतल्या रहिवाशांत किंवा कुटुंबांत शांतता बिघडवू शकेल असा वाद, दोन्ही पक्षांच्या आधी घेतलेल्या संमतीने, तीन मध्यस्थांपुढे न्यायचा. मध्यस्थ म्हणून वस्तीत मान असलेली माणसं, रहिवासी संघांचे प्रतिनिधी, मध्यस्थीचा अनुभव असलेले लोक चालतील. स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचा विचार व्हावा असंही म्हटलंय. मध्यस्थाने तोडगा लादायचा नाही, हे पक्षांना स्पष्ट सांगायचं. किती शहाणपणाच्या गोष्टी! पण ९ ऑक्टोबर २०२३ ला या कायद्याची काहीच कलमं लागू झाली, आणि त्या यादीत सामुदायिक मध्यस्थीची कलमं नव्हती. लग्नाची पत्रिका छापली आणि मुहूर्तच काढला नाही, त्यातला प्रकार.

या कायद्यातली एक तरतूद काहींना खटकते. सामुदायिक मध्यस्थीतला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येणार नाही. मग उपयोग काय, असं ते विचारतात. मला विचाराल तर हे बरोबरच आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दडपणाखाली झालेल्या सहीला हुकूमनाम्याचं बळ मिळालं, तर तो दुबळ्याच्या गळ्यातला फासच की. पक्का, बांधून घेणारा निकाल हवा असेल तर लोकअदालत आहे. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून तिथे सही करण्याआधी कागद दोनदा वाचायचा, आणि वाचता येत नसेल तर आपल्या माणसाकडून वाचून घ्यायचा.

"मग काय, कुणी मध्ये पडायचंच नाही का?" असं तुम्ही विचाराल. पडायचं! जरूर पडायचं. वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या घराच्या छतातून झिरपतं, याचा निकाल सहकार न्यायालयात लागेल तेव्हा लागेल, तोवर खालच्यांच्या भिंतीचे पोपडे थांबणार नाहीत. अशा वादात मध्यस्थी करावी ती खरी. दोघांना आधी वेगवेगळं ऐकावं. खालच्यांना पैसे नको असतात, त्यांना वरच्यांनी प्लंबरला घरात घ्यावं एवढंच हवं असतं. वरच्यांना भीती असते ती फरशा फुटतील आणि तशाच राहतील याची. मग लिहून काढायचं. प्लंबर कुठल्या तारखेला येणार, फरशी कोण बसवणार, खर्च कोणाचा, आणि पुन्हा गळलं तर काय. पार्किंग, गणपतीचा स्पीकर, नळाच्या पाण्याची वेळ, वहिवाटीचा रस्ता, हे सगळे असेच प्रश्न. कोर्टात एक जण जिंकतो, पण दोघांनाही उद्या सकाळी त्याच जिन्यावर एकमेकांचं तोंड बघायचं असतं.

सरकारनेही मनावर घेतलं तर किती सोपं होतं, त्याचं एक उदाहरण. एकाची जमीन दुसऱ्याच्या वहिवाटीत आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असे प्रकार गावोगाव आहेत. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने सलोखा योजना आणली. असा ताबा किमान बारा वर्षांचा असेल आणि दोघं राजी असतील, तर एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त करता येईल, अशी ती योजना. यात गप्प कुणालाच बसवायचं नाही. दोघांचंही जे आहे ते कागदावर आणायचं.

शेजारच्या श्रीलंकेत १९८८ च्या कायद्याने मध्यस्थ मंडळं नेमली. स्थानिक माणसं बिनपगारी काम करतात, पण त्यांना आधी प्रशिक्षण देतात, आणि त्यांच्यात निवृत्त मुख्याध्यापक, शिक्षक पुष्कळ आहेत असं वाचलं आणि मला फार बरं वाटलं. आपल्याकडे निवृत्त शिक्षक काय करतात? सकाळी फिरायला जातात आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर सुविचार पाठवतात!

तर मध्ये पडणाऱ्यांसाठी या मास्तरणीच्या काही अटी. ज्या वादात तुमचा नातेवाईक, ऋणको किंवा मतदार आहे, तिथे पंच म्हणून बसू नका. मारहाण, छळ, लहान मुलांवरचे अत्याचार, जातीवरून केलेला अपमान, यांत मध्यस्थी करूच नका, पीडिताला पोलिसांकडे आणि वकिलाकडे घेऊन जा. दोघं राजी आहेत का, हे दोघांना वेगवेगळ्या खोलीत विचारा. दुबळ्या बाजूचं माणूस सोबत बसू द्या. ठरलेलं सोप्या मराठीत लिहा, मोठ्याने वाचून दाखवा आणि दोघांना प्रत द्या. आणि मिटलं नाही तर "मिटलं नाही" असं लिहायची लाज बाळगू नका. त्याने तुमची पत जात नाही.

समझोता खरा की खोटा, हे ओळखायची माझी एक साधी परीक्षा आहे. बैठकीनंतर सहा महिन्यांनी दुबळ्या बाजूच्या माणसाला एकट्याला गाठून विचारायचं, "पुन्हा तसं झालं तर तू पुन्हा तक्रार करशील?" तो "हो, का नाही?" म्हणाला, तर तुम्ही मध्यस्थी केली. त्याने मान खाली घातली, तर तुम्ही त्याला गप्प बसवलंत. तंटा मिटला की नाही, ते सोडा. तोंड तरी मिटवलंत.

असो. या विषयावर ज्यांना माझ्याशी वाद घालायचा असेल, त्यांनी जरूर घालावा. फक्त "जाऊ द्या हो काकू, तुम्हीच समजून घ्या" असं कृपा करून कुणी म्हणू नका!